गुंड्याचा सुळा आणि पहिला शो

गेल्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका डॉग शोमध्ये आठ महिन्यांचा एक बीगल जातीचा कुत्रा टेबलावर उभा होता. जजचा हात तोंडाशी आला आणि तो मागे सरकला, शेपूट पोटाखाली घेऊन बसला, मग काही केल्या उठेना. पिल्लू निरोगी, बांधा चांगला, घरात सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारं. सहा महिने रोज सराव झालेला. तरी असं का झालं आणि जानेवारीपर्यंत ते कसं सुटलं, हे मला बारकाईने लिहून ठेवायचं आहे. हीच चूक मी त्यानंतर आणखी दोन घरांत पाहिली आहे. आणि या प्रकरणात ती निम्मी माझी होती.

घरच्यांची नावं देत नाही. पिल्लाला घरात गुंड्या म्हणतात, तेवढं पुरे.

घर आणि पिल्लू

कोथरूडमधला टू बीएचके फ्लॅट. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, सासूबाई दिवसभर घरी. याआधी घरात कुत्रा नव्हता. हौस सुनेची. तिची आई आणि मी एका ऑफिसात होतो, त्यामुळे ती मला काकू म्हणते. माझ्याकडे बावीस वर्षं बीगल आहेत, म्हणून पिल्लू घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला फोन मलाच आला.

"काकू, कागदवालं घ्यायचं की बिनकागदाचं?"

पुण्यात पिल्लू शोधायला निघालात की हा प्रश्न पहिल्याच फोनवर समोर येतो, कारण विकणाराच दोन भाव सांगतो. कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणी प्रमाणपत्र. ही संस्था चेन्नईला आहे. त्या कागदावर पिल्लाचं नोंदलेलं नाव, जन्मतारीख, रंग, मायक्रोचिपचा पंधरा अंकी नंबर आणि वर तीन पिढ्यांची वंशावळ असते. हा कागद मिळायला आई आणि बाप दोघांचीही नोंदणी असावी लागते. "कागद नंतर करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. आईबापांचे कागद नसतील तर पिल्लाचे नंतर कुठून येणार? आणि कागदाशिवाय असल्या शोची एंट्रीच होत नाही, मग कुत्रा दिसायला कितीही देखणा असो.

पण कागद म्हणजे पिल्लू चांगलं असल्याची हमी नव्हे, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. कागद फक्त ते कुणाचं आहे ते सांगतो. कसं आहे, ते डोळ्यांनी आणि हातांनीच बघावं लागतं, आणि त्याआधी त्याची आई बघावी लागते. ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, आई दाखवायला टाळाटाळ केली तर मी पिल्लाकडे बघतही नाही. आम्ही गेलो तिथली आई दारात येऊन आमच्या चपला हुंगून गेली, मी हात पुढे केला तर तिने तोंड उघडू दिलं, कान बघू दिले. पुढे या गोष्टीचा फार उपयोग झाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं हे वेत, सहा पिल्लं. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे जे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. हा ब्रीडर ती पाळणारा होता, त्याने नवव्या आठवड्यात पिल्लू हातात दिलं. सहांतून हा नर निवडला तो पुढचे पाय सरळ, शेपटीचा उगम उंचावर, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले आणि दोन्ही वृषणं खाली उतरलेली म्हणून. या शेवटच्या गोष्टीचा उच्चार करायला नवीन लोक लाजतात. लाजू नये. एक वृषण पोटातच राहिलेला नर शोमध्ये उपयोगाचा नाही आणि पैदाशीत तर वापरूच नये, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरतो.

उंचीचीही चौकशी केली. बीगल खांद्याशी ३३ ते ४० सेंटिमीटर असावा असं त्याचं मानक सांगतं. चाळिसाच्या वर गेला की बाकी सगळं असून नसल्यासारखं. आई ३६ आणि बाप ३९ होता, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं.

मे ते सप्टेंबर

इथे ही मुलगी काय काय बरोबर करत होती ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

पिल्लू नऊ आठवड्यांचं असताना त्याच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून डॉक्टर सांगतात की सोळा आठवड्यांपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका. पण जग बघून घ्यायचं, त्याची सवय करून घ्यायचं वयही नेमकं तेच. साधारण तीन महिन्यांनंतर ते दार हळूहळू बंद व्हायला लागतं. बहुतेक घरं लसीच्या बाजूने झुकतात आणि पिल्लू चार महिने फ्लॅटमध्ये ठेवतात. हिने गुंड्याला ओढणीत बांधून, छातीशी धरून फिरवलं. कर्वे रस्त्यावरचे हॉर्न, भाजीवाल्यांचं ओरडणं, मेट्रोचा आवाज, लग्नाची वरात, सगळं त्याने ओढणीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. पाय जमिनीला लागले नाहीत आणि जगही बघून झालं.

जुलैअखेर लसी पूर्ण झालेल्या होत्या. ढोल-ताशा पथकांचा सराव तेव्हा सुरू होतो. ती त्याला संध्याकाळी नदीपात्राच्या बाजूला न्यायची, आधी इतक्या लांब की आवाज फक्त थरथर म्हणून लागावा, मग रोज थोडं जवळ. तो खात राहिला तर पुढे, खाणं थांबवलं तर मागे. गणपतीपर्यंत गुंड्या ढोल चालू असताना रस्त्याकडेला बसून उकडलेलं चिकन खात होता. पुण्यातल्या पिल्लाला यापेक्षा मोठी परीक्षा कुठली शोची रिंग घेणार आहे?

पाऊस सरल्यावर वेताळ टेकडी. तिथलं गवत वाळलं की कुसळं धरतं, आणि ती कुसळं कुत्र्याच्या पंजाच्या फटीत, कानात, काखेत शिरतात. टोक बाणासारखं असल्याने एकदा शिरलं की आतच जातं. वर गोचिडी. गोचीडतापाने पुण्यात कितीतरी कुत्री दरवर्षी आजारी पडतात. म्हणून टेकडीवरून आलं की घरातली तिन्ही माणसं आळीपाळीने त्याची तपासणी करायची. बोटांच्या फटी, कानांची आतली बाजू, शेपटीखाली, मांड्यांत. सासूबाई एका हातात स्टीलची वाटी घेऊन बसायच्या, वाटीत हरभऱ्याच्या डाळीएवढे उकडलेल्या लिव्हरचे तुकडे, आणि एकेक पंजा बघून झाला की एकेक तुकडा. त्या स्वतः शाकाहारी. वाटी वेगळी ठेवली होती.

टेबलावर उभं राहणं, म्हणजे स्टॅक, मी शिकवलं. दर रविवारी सकाळी माझ्याकडे. बीगल लहान जातींपैकी असल्याने त्याला टेबलावर उभं करून तपासतात. पुढचे पाय खांद्याच्या बरोबर खाली, मागचे थोडे मागे, एक हात हनुवटीखाली, दुसऱ्याने शेपूट वर. तो तिसऱ्या रविवारी एक मिनिट हलला नाही. चालही छान. सैल दोरीवर सरळ रेषेत ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, कोपऱ्यावर वळताना डोकं वर, शेपूट वर, आणि त्या शेपटीचं पांढरं टोक निशाणासारखं. मला त्याच्याकडून फार आशा होती.

कागदपत्रांचं काम मात्र घाईत झालं. प्रमाणपत्र ब्रीडरच्या नावावर येतं, ते आपल्या नावावर करून घ्यावं लागतं, आणि आपल्या नावाने शोला उतरवायचं तर हे आधी उरकलेलं बरं. तिने ऑगस्टपर्यंत अर्जच केला नव्हता. ब्रीडरने सही लगेच दिली म्हणून वेळेत निभावलं. पिल्लू घरी आणलं त्याच आठवड्यात हा अर्ज करून टाकावा.

शोचा दिवस

सकाळी साडेसातला मैदानावर. कॅटलॉग घेतला, दंडाला नंबर बांधला, चिप स्कॅन करून घेतली. हा तांदळाच्या दाण्याएवढा चिप खांद्यांच्या मधे कातडीखाली असतो. त्यावरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, कोण आहे एवढंच कळतं. बीगलची रिंग साडेदहाला लागली. तोवर गुंड्या गाडीच्या सावलीत पोटावर झोपून होता. शेजारच्या तंबूत एक ग्रेट डेन सारखा भुंकत होता, याने एकदा कान उचलला आणि पुन्हा झोपला. मला वाटलं, जिंकलो.

त्याच्या वर्गात तीन नर. गुंड्याची पाळी दुसरी. टेबलावर आला, स्वतःच उभा राहिला. जज उंच, डोक्यावर पनामा हॅट. आधी वय विचारलं. "एट मन्थ्स," ती म्हणाली. मग जज समोरून आले, थोडे वाकले, डावा हात हनुवटीखाली घातला आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाकडे नेला.

बाकी वर लिहिलंच आहे. जज चांगले होते. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन त्याला श्वास घेऊ दिला, पुन्हा हात पुढे केला. दुसऱ्या वेळी गुंड्या टेबलाच्या मागच्या कडेपर्यंत गेला, आणि खाली पडू नये म्हणून तिने त्याला कवेत धरला. जजनी पुढे काही तपासलं नाही, खाली उतरवून चालवायला सांगितलं. तो चालला, पण शेपूट मागच्या पायांत. तिघांत तिसरा.

गाडीत ती रडली. सासूबाईंनी डबा उघडून तिच्या हातात पोळीचा रोल दिला आणि म्हणाल्या, "खा आधी." मी मागच्या सीटवर होते, गुंड्या माझ्या मांडीवर. मला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

कारण शोधताना

त्या आठवड्यात तीन मतं पुढे आली. नवऱ्याचं मत, हा शोचा कुत्राच नाही, घरचा आहे, घरीच राहू दे. मैदानावर भेटलेल्या एका जुन्या हॅन्डलरचं, म्हणजे शोमध्ये कुत्रे उतरवणाऱ्याचं, मत, रक्तातच भित्रेपणा आहे, ब्रीडरला जाब विचारा. तिचं स्वतःचं मत, गर्दीची सवय कमी पडली.

तिन्ही मला पटेनात. रक्ताचं म्हणावं तर आईने अनोळखी माणसाला तोंड उघडू दिलेलं मी बघितलं होतं. ब्रीडरला फोन केला तर तो रागावला नाही, स्वतः येऊन कुत्रा पाहून गेला, आणि त्याच वेतातल्या दोन भावंडांच्या घरांचे नंबर दिले. ती दोन्ही धीट. गर्दीचं म्हणावं तर ढोलाशेजारी बसून खाणाऱ्याला गर्दीची काय भीती? टेबलाचं म्हणावं तर तो टेबलावर आनंदाने चढला होता.

नवऱ्याने फोनवर व्हिडिओ घेतला होता, दीड मिनिटाचा. आम्ही तो माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून थांबवत थांबवत बघितला. जज येतात, शेपूट वर. वाकतात, शेपूट वर. हॅटची सावली त्याच्या डोक्यावर पडते, शेपूट वर. हात हनुवटीखाली जातो तेव्हा ती किंचित खाली येते. अंगठा ओठाला लागण्याच्या आधी, नुसता ओठाच्या दिशेला निघतो, तेव्हा कान चपटे, मान मागे, शेपूट खाली. भीती ना माणसाची होती, ना हॅटची. ती अंगठ्याची होती.

मग मी माझा फोन उघडला. तिच्या-माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागे मागे जुलैपर्यंत गेले. दातांचे फोटो. एक, दोन, दहा, वीस. ७१ निघाले.

झालं होतं ते असं. पिल्लाचे दुधाचे दात २८. साडेतीन-चार महिन्यांपासून पुढचे पडायला लागतात, पाच-सहा महिन्यांत सुळे, आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. गुंड्याचा वरचा डावा दुधाचा सुळा पडलाच नाही. कायमचा सुळा त्याच्या पुढे उगवला आणि दोन्ही एकमेकांना खेटून राहिले. हे बघत बसण्यासारखं नसतं. वरचा कायमचा सुळा पुढे ढकलला गेला की खालच्या सुळ्याची जागा अडते आणि दातांची ठेवण बिघडते. शोसाठी पाळलेल्या कुत्र्यात ठेवण बिघडणं म्हणजे फार मोठी गोष्ट. म्हणून मी तिला सांगितलं होतं: "रोज सकाळ-संध्याकाळ फोटो पाठव. लक्ष ठेवू."

तिने पाठवले. मन लावून. एका हाताने ओठ वर ओढून, दुसऱ्या हातात फोन. नीट दिसलं नाही की परत. त्या हिरड्या सुजलेल्या, लाल. आणि त्याच महिन्यांत सोसायटीत कुणी भेटलं, घरी पाहुणे आले, की "बघा ना, डबल दात आलाय" म्हणून ओठ वर. दिवसातून चार-पाच वेळा त्याच दुखऱ्या जागेवर अंगठा.

फोटो एकापाठोपाठ एक बघितले की गोष्ट उघडी पडते. जुलैतल्या फोटोंत कान सैल लोंबत आहेत. ऑगस्टमध्ये मागे गेलेत. सप्टेंबरच्या फोटोंत डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आणि फोटो हललेले आहेत, कारण तो मान काढून घेतोय. सगळे फोटो मी तेव्हा बघितले होते. सुळा बघितला होता. कान बघितले नव्हते.

सप्टेंबरच्या मध्यावर डॉक्टरांनी भूल देऊन दुधाचा सुळा काढला. त्या दाताचं मूळ वर दिसतो त्या भागापेक्षा बरंच लांब असतं, ओढून तोडायला गेलं तर आत राहतं, त्यामुळे भूल हाच मार्ग. आठवड्यात हिरडी बरी झाली, ठेवण अगदी व्यवस्थित बसली, आम्ही खूश झालो आणि तोंडाचा विषय मिटला असं समजलो. दुखणं गेलं होतं. अंगठ्याची आठवण तशीच राहिली होती. रविवारी माझ्याकडे सराव होई तेव्हा तो मला तोंड उघडू देई, कारण मी त्याला फोटोसाठी कधी धरलं नव्हतं. मला वाटायचं जमलंय. माझ्या हाताला जमलं होतं.

एक फरक मला रात्री झोपताना सुचला आणि मग मी उठूनच बसले. कुसळं काढताना याच कुत्र्याच्या बोटांच्या फटीत चिमटा घालत होते लोक. तेही दुखतंच. तरी पंजा कुणाच्याही हातात देतो. का? कारण प्रत्येक पंजामागे वाटीतला तुकडा होता. दातांच्या वेळी तुकडा कधीच नव्हता. एका हातात ओठ, दुसऱ्यात फोन, वाटी धरायला तिसरा हात होताच कुठे?

दुरुस्ती

रिंगमधला एक सोपा मार्ग होता. दात आपणच दाखवतो असं जजना विनवता येतं, पुष्कळ जज आपण होऊनच तसं सांगतात. शोपुरतं तेवढ्यावर भागलं असतं. पण कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो, त्याचे दात घासायचे असतात, डॉक्टर तोंड बघणार असतात. ज्याला आपला ओठ उचललेला सोसत नाही त्याला घेऊन जन्म काढायचा का? मी तो मार्ग नको म्हटलं आणि तिलाही ते पटलं.

पहिले दोन आठवडे कुणीही त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. घासायचं नाही, बघायचं नाही, दाखवायचं नाही. हे सर्वांत अवघड गेलं.

मग हनुवटी. तळहात उताणा करून त्याच्यासमोर, त्याच्या छातीच्या उंचीवर धरायचा आणि थांबायचं. तो हुंगेल, चाटेल, कधीतरी हनुवटी टेकवेल. टेकवली की "हं" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. हात त्याच्याकडे न्यायचा नाही, त्याने हाताकडे यायचं. चौथ्या दिवशी तो दिवाणखान्यात कुणीही हात पसरला की जाऊन हनुवटी ठेवायला लागला. एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला: त्याने हनुवटी उचलली की आपण थांबायचं, त्याच क्षणी, काम अर्धं राहिलं तरी. थांबवायची सत्ता त्याच्याकडे आहे हे त्याला कळलं तरच तो हनुवटी पुन्हा ठेवतो.

मग दुसरा हात. आधी गालापासून वीतभर लांब, तुकडा. बोटभर लांब, तुकडा. गालाला लागला, तुकडा. ओठाला लागला, तुकडा. ओठ उचलला आणि लगेच सोडला, तुकडा. क्रम चुकवायचा नाही, आधी स्पर्श आणि मगच खाणं. आधी खाणं दाखवून मग पकडलं तर उलटं होतं, खाणं दिसलं की काहीतरी वाईट होणार असं कुत्रा शिकतो. एकेका पायरीला दोन-तीन दिवस, दिवसातून दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. त्याहून जास्त नाही.

घरातल्या तिघांना जमल्यावर बाहेरचे हात. वहीत नावं लिहायला लागलो. वॉचमनकाका, इस्त्रीवाला, दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ज्यांच्या हातात हिरव्या बांगड्या वाजतात, कॉलेजात जाणारी दोन मुलं, अत्तर लावणारे एक गृहस्थ, दाढीवाला प्लंबर. प्रत्येकाला सासूबाई स्वतः समजावून सांगायच्या: "हात नुसता धरा, तोच येईल." मुलांनी टोपी घालून केलं, गॉगल लावून केलं. टेबल आधी हॉलमध्ये, मग पार्किंगमध्ये, मग सोसायटीच्या बागेत. डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदा, काहीही न करता, नुसती हनुवटी ठेवून परत. जानेवारीच्या मध्यापर्यंत वहीत ३७ नावं झाली.

डिसेंबरच्या मध्यावर घात झाला. नात्यातले एक गृहस्थ आले, त्यांच्याकडे पूर्वी अल्सेशियन होता. "असं लाडाने काय होतंय, असं धरायचं असतं," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी जबडा उघडला. कुणी काही म्हणायच्या आत. गुंड्या सोफ्याखाली गेला तो तासभर बाहेर आला नाही. तिने मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. दहा दिवस मागे गेलो, पुन्हा उताण्या तळहातापासून. फरक एवढाच की या वेळी तो दहा दिवसांत तिथवर आला जिथे आधी महिना लागला होता. त्या गृहस्थांना सासूबाईंनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण नंतर ते आले तेव्हा हात मांडीवर ठेवून बसले होते.

जानेवारी

जानेवारीच्या शेवटी दुसरा शो. गुंड्या पावणेअकरा महिन्यांचा, उंची ३८. आंघोळ दोन दिवस आधी, म्हणजे केस बसतात. नखं काढलेली, कान पुसलेले. वजनावर मी डोळा ठेवला होता, कारण बीगल भुकेचा कच्चा, आणि इतके तुकडे खाऊन तो सहज गोल झाला असता. सरावाचे तुकडे त्याच्या रोजच्या जेवणातून वजा केले होते.

वर्गात चार नर. या वेळच्या जज एक बाई, केस पांढरे, हातात दोन अंगठ्या. गुंड्या टेबलावर चढला, उभा राहिला. तिने स्टॅक लावला आणि मी शिकवल्याप्रमाणे हनुवटीखालचा हात काढून घेतला. बाईंनी वय विचारलं, समोर आल्या, तळहात पुढे केला.

तो एक पाऊल पुढे आला. स्टॅक मोडला, पुढचा डावा पाय वाकडा पडला. आणि त्याने हनुवटी त्यांच्या हातावर ठेवून दिली.

बाई हसल्या. दुसऱ्या हाताने ओठ उचलला, एक बाजू, समोर, दुसरी बाजू. शेपूट वरच. मग कान, खांदे, बरगड्या, वृषणं, मागचे पाय, सगळं सावकाश. "गुड बॉय," म्हणाल्या, तिला नाही, त्याला. खाली उतरून तो त्रिकोणात चालला तेव्हा शेपटीचं पांढरं टोक मला रिंगच्या दुसऱ्या बाजूनेही दिसत होतं.

चारांत दुसरा आला. पहिला आलेला कुत्रा खरंच सरस होता, त्याचा पुढचा भाग आणि मान गुंड्यापेक्षा चांगली आहे आणि ती तशीच राहणार. मार्चमध्ये गुंड्या वर्षाचा होईल, मग त्याचा वर्ग बदलेल, समोर भरलेल्या छातीचे मोठे कुत्रे असतील. छाती भरायला बीगलला दीड-दोन वर्षं लागतात. मी तिला उन्हाळाभर थांब म्हटलं आहे. टेकडी, पोहणं, आणि वही चालू.

परवा तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जुलैनंतरचा दातांचा असा हा ७२ वा धरायला हरकत नाही. सासूबाईंच्या गोधडीवर गुंड्या उताणा झोपलाय, चारही पाय वर, तोंड अर्धवट उघडं, आणि वरचा डावा सुळा जिथे असायला हवा तिथे आहे. कान दोन्ही बाजूंना सैल पसरलेत.